ग्वीडसिस्टर

शेजारच्या आजी म्हणाल्या, "उद्या माझी ग्वीडसिस्टर येतेय." नवऱ्याच्या तेलकंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं ॲबरडीनला आहोत, इकडे 'गुड'चं 'ग्वीड' होतं एवढं ठाऊक होतं. मला वाटलं, बहिणीचं कौतुक चाललंय. तर ती त्यांची नणंद! सासू ती ग्वीडमिडर, दीर किंवा मेहुणा तो ग्वीडब्रिडर. इंग्रजी भाषा लग्नाच्या नात्यांना 'कायद्याने' जोडते, इथली जुनी स्कॉट्स भाषा त्यांना 'चांगलं' म्हणते. नातवंडाला आजींची आजी 'ओय' म्हणायची. तो शब्द गेलिकमधून आलेला. मुळात मामासाठीच असलेला 'ईम' हा शब्दही स्कॉट्समध्ये होता. ते कळलं तेव्हा माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

मग त्यांनी शाळेची गोष्ट सांगितली. ती अजून डोक्यातून जात नाही.

आठ वर्षांच्या असताना त्यांनी निबंधात लिहिलं, माझ्या ग्वीडब्रिडरची मासेमारीची बोट आहे. बाईंनी वही वर्गासमोर धरली. "चांगला भाऊ? मग बाकीचे वाईट का?" वर्ग हसला. आजींनी सरळ सांगितलं, बहिणीचा नवरा तो. उलट बोलली म्हणून हात पुढे करायला लावला आणि चामड्याच्या पट्ट्याचे दोन फटके दिले. हा पट्टा म्हणजे टॉज. सरकारी शाळांतून तो १९८७ मध्ये गेला. घरी वडील काय म्हणाले? "शाळेत शुद्ध बोलायचं." सांगताना आजी उजवा तळवा डाव्या हाताने चोळत होत्या. निबंधात चूक काय होती? घरातल्या माणसाला घरातल्या शब्दाने हाक मारली, एवढीच! २०२५ च्या कायद्याने स्कॉट्सला अधिकृत दर्जा मिळाला, पण त्या फटक्यांचं काय? मुलांच्या तोंडातून घरची नाती काढून घेणाऱ्या शिक्षकाला मी शिक्षक म्हणणार नाही. रात्रभर मला झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात लेक शाळेतून आली आणि दारातच म्हणाली, "फिट लाइक, आई?" म्हणजे कशी आहेस. मी ताडकन म्हटलं, "नीट इंग्रजी बोल." ती गप्प झाली, दप्तर ठेवून वर गेली.

उद्या ती लंडनला मुलाखतीला बसेल, तेव्हा तिचं बोलणं ऐकून कुणी हसलं तर? मी चुकले असं मला अजून वाटत नाही. पण आजींकडे चहाला जायचं मात्र मी दोनदा टाळलं.