अकरा दिवसांचे व्याज

मराठीच्या प्राध्यापकाचे आकड्यांशी सख्य असू नये, असा काही नियम नाही. पण असता, तर माझ्याइतक्या निष्ठेने तो कोणी पाळला नसता. वाण्याचे बिल मी बेरीज न पडताळता देतो. बसमध्ये उरलेले पैसे कंडक्टरने हातावर ठेवले की न मोजता खिशात टाकतो. आणि वयाची सेहेचाळीस वर्षे उलटून गेली तरी मी स्वतःचे प्राप्तिकराचे विवरणपत्र एकदाही भरलेले नव्हते. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मी कर चुकवीत नव्हतो. माझे विवरणपत्र दरवर्षी, वेळेवर आणि बिनचूक भरले जात होते. फक्त ते भरीत होते आमचे अण्णा.

अण्णा टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. ठाण्याच्या घरी त्यांच्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक वही होती. 1979 सालापासून प्रत्येक वर्षाला तीत एक पान. डावीकडे उत्पन्न, उजवीकडे कर, आणि तळाशी विवरणपत्र दिल्याची तारीख. त्या तारखेखाली पट्टीने ओढलेली तांबडी रेघ. रेघ ओढली की वर्ष मिटले. मधल्या काळात सरकारी फॉर्म बदलत गेले. 'सरल' आला, 'सहज' आला, 'सुगम' आला. भाषेचा माणूस म्हणून मला या नावांचे मोठे कौतुक वाटे, पण अण्णा म्हणायचे, "ज्याचं नाव शांताराम, तो हमखास तापट असतो. फॉर्मचंही तसंच आहे."

फॉर्म संगणकावर गेले, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर अण्णा संगणक शिकले. जुलैतला एक रविवार या कामासाठी राखलेला असे. अण्णा चष्मा सावरीत संगणकापुढे बसत आणि शेजारी आई वही उघडून बसे. आकडे वाचून दाखवणे हे तिचे काम. "एक लाख सदतीस हजार, शून्य शून्य शून्य," असे ती म्हणे, आणि अण्णा बोट उचलून "शून्य शून्य शून्य" असा प्रतिसाद देत. लांबून ऐकणाऱ्याला वाटावे, घरात काही अनुष्ठान चालले आहे. मी कॉलेजातून मिळालेला फॉर्म सोळा त्यांच्यापुढे ठेवीत असे आणि रविवारची पुरवणी घेऊन आतल्या खोलीत जात असे. "सही कुठे करू?" एवढा एकच प्रश्न मी प्राप्तिकराच्या बाबतीत आयुष्यात विचारला होता. पुढे तोही उरला नाही. पूर्वी विवरणपत्र संगणकावर भरले, तरी सही केलेली पोच बंगळूरला टपालाने धाडावी लागे. 2015 पासून आधारच्या फोनवर आलेले सहा आकडे भरले की काम भागू लागले. अण्णांना ते जरा लागले होते. "पत्र न टाकता पोचलं म्हणे!" असे ते पुष्कळ दिवस म्हणत होते.

11 जानेवारी 2024 रोजी अण्णा गेले. वय अठ्ठ्याहत्तर.

जुलै उजाडला आणि कॉलेजने फॉर्म सोळा हातात ठेवला, तेव्हा तो कोणापुढे ठेवावा हे मला कळेना. माझे विवरणपत्र दहावीतल्या चिरंजिवांच्या मदतीने कसेबसे पार पडले. मदत करताना त्यांनी माझ्याविषयी जे उद्गार काढले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. मी सुटकेचा निःश्वास टाकतो आहे, तोच आई लाल वही घेऊन बाहेर आली.

"अरे, ह्यांचं राहिलंय."

"आई, आता त्यांचं कशाला?"

"एप्रिलपासून जानेवारीपर्यंत पेन्शन घेतली ना ह्यांनी? व्याज घेतलं ना? मग हिशेब नको द्यायला?" तिने वहीचे शेवटचे पान उघडले. वर '2023-24' असे अण्णांच्या अक्षरात. खाली तारखेची जागा मोकळी. "हे पान असंच राहील," ती म्हणाली, आणि वही माझ्यापुढे ठेवून गेली.

आईने कायद्याचे पुस्तक कधी पाहिलेले नाही. पण कायदाही तेच सांगतो. माणूस गेला, तरी त्या वर्षी 1 एप्रिलपासून जाण्याच्या दिवसापर्यंत त्याने मिळवलेल्या उत्पन्नाचा हिशेब त्याच्या नावाने वारसाला द्यावा लागतो. मुदत होती 31 जुलैची. अण्णांच्या वहीत एकाही वर्षी ती ओलांडलेली नव्हती.

अण्णांचा परवलीचा शब्द वहीतच लिहिलेला होता. त्यांचा मोबाइलही आईने कपाटात ठेवला होता. दर आठवड्याला ती तो चार्ज करीत असे, का ते मी विचारले नाही. तेव्हा मला वाटले, उघडावे अण्णांचे खाते, भरावे त्यांच्यासारखे आणि व्हावे मोकळे. वाणिज्य विभागातल्या आमच्या सहकाऱ्याला हा बेत सांगताच तो दचकला. "सर, गेलेल्या माणसाच्या नावाने तो हयात असल्यासारखी सही करायची? असलं काही करू नका!" मग मी मदतीच्या दूरध्वनीकडे वळलो. पलीकडून एका बाईंनी अतिशय नम्रपणे विचारले, "आपला प्रश्न काय आहे?" मी सांगू लागलो. अण्णांची नोकरी, त्यांची वही, आईचे म्हणणे, माझी अडचण! एखाद्या व्याख्यानाची प्रस्तावना असावी तसे पाच मिनिटे मी बोलत होतो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, पण आपला प्रश्न कोणत्या रकान्याबद्दल आहे?"

मला उत्तर देता येईना. मी आभार मानून फोन ठेवला.

गेली वीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर एक शेरा लिहीत आलो आहे: 'प्रश्न समजून न घेता उत्तर लिहिले आहे.' त्या दिवशी कळले, की मला प्रश्नच मांडता येत नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न घातले, त्याच्यावर स्वतः विचारण्याची पाळी कधी आलेलीच नसते. आणि घरात अण्णांसारखा माणूस असला, की न विचारताच उत्तरे मिळत राहतात. आपण त्याला आपले सुख समजतो. ते दुसऱ्या कोणाचे तरी रविवार असतात.

सहकाऱ्याने मला एक कागद दिला. "तीन प्रश्न लिहून आणा. एका वाक्यात एक." हा गृहपाठ करायला मला दोन रात्री लागल्या. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे कागद ठेवला. एक: विवरणपत्र कोणी भरायचे? दोन: व्याज किती दाखवायचे? तीन: करपद्धती जुनी की नवी? त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "आता अर्धं काम झालं."

पहिल्याचे उत्तर असे. वारसाने आपल्या स्वतःच्या पॅन क्रमांकाने खाते उघडायचे आणि प्रतिनिधी म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा. त्याला गेलेल्या माणसाचे पॅन कार्ड, मृत्यूचा दाखला, वारसाचे पॅन कार्ड आणि वारसाचा पुरावा जोडायचा. वारसाच्या पुराव्यासाठी कोर्टाचीच पायरी चढावी लागते असे नाही. सरकारने दिलेले कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रमाणपत्रही चालते. आमच्याकडे ते होते, आणि त्यावर नाव होते आईचे. म्हणजे भरणारा मी नव्हेच, भरणार ती.

"मी?" आई म्हणाली. "मी नुसते आकडे वाचायची."

"आताही वाच. मी टाइप करतो. पण नाव तुझं."

अर्ज भरता भरता मृत्यूच्या तारखेचा रकाना आला. आईच्या हातात दाखला होता. मी तिच्याकडे न पाहता थांबून राहिलो. तिने नेहमीच्या आवाजात, व्याजाचे आकडे वाचावेत तसे वाचले, "अकरा. शून्य एक. दोन शून्य दोन चार."

"दोन शून्य दोन चार," मी म्हणालो.

"हं. पुढे."

काही दिवसांनी खात्याची मान्यता आली, आणि आम्ही दुसऱ्या प्रश्नाशी पोचलो. हल्लीचे विवरणपत्र पुष्कळसे आधीच भरून येते. बँकेने कळवलेले व्याज आपोआप रकान्यात बसते. तिथे अण्णांच्या नावावर 1,37,000 रुपये दिसत होते. आकडा खोटा नव्हता. पण तो संपूर्ण वर्षाचा, 31 मार्चपर्यंतचा होता. बँकेच्या लेखी अण्णा मार्चअखेर व्याज मिळवीत होते. संगणकाने भरून दिले म्हणजे ते बरोबरच असणार, अशी माझ्यासारख्यांची भाबडी श्रद्धा असते. प्रत्यक्षात तो कळवलेले तेवढेच लिहितो. पडताळायचे काम ज्याचे त्याचे. वार्षिक माहिती विवरणात 'ही माहिती पूर्णपणे बरोबर नाही' असे कळवण्याची सोयही ठेवलेली आहे, हे मला तेव्हा कळले.

लाल वही उघडली. दर तिमाहीचे व्याज 34,250 रुपये. डिसेंबरअखेरच्या तीन तिमाह्यांचे झाले 1,02,750. शेवटच्या तिमाहीचे दिवस 91, कारण 2024 हे लीप वर्ष. त्यांतले अण्णांचे 11. मी भागाकार केला, आईने कागदावर ताळा केला. अकरा दिवसांचे व्याज 4,140 रुपये. एकूण 1,06,890. बाकीचे 30,110 आईचे.

"म्हणजे बारा तारखेपासून माझं," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही संगणकाकडे बघत बसलो.

तिसरा प्रश्न व्याकरणाचा होता. नव्या करपद्धतीतून बाहेर पडण्याचा पर्याय आपण वापरू इच्छिता काय, अशा अर्थाचे ते वाक्य. आणि त्यापुढे 'नाही' हे उत्तर आधीच घातलेले. जुनी हवी असेल तर 'होय' म्हणायचे, नवी हवी असेल तर 'नाही'. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे वाक्य लिहिले असते, तर मी त्याला ते पुन्हा लिहायला लावले असते.

"ह्यांना जुनीच ठेव," आई लगेच म्हणाली. मलाही ते पटले. धोतराची घडी, शाईचे पेन, लाल वही असा तो माणूस. त्याला नवे काय मानवणार? मी 'होय' करणार, इतक्यात आईने वहीच्या पानाची मागची बाजू उलटली. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात एक गणित होते. 1 फेब्रुवारी 2023 च्या अर्थसंकल्पानंतर अण्णांनी ते पुढच्या वर्षासाठी मांडून ठेवले होते. निवृत्तिवेतन 4,62,000. व्याज, टपालाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेचे धरून, 1,74,000. प्रमाणित वजावट 50,000 वजा. जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी आणखी 50,000 ची सूट घेऊनही कर व उपकर मिळून 17,888. नव्या पद्धतीत 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सवलत, म्हणून शून्य. खाली एकच ओळ: 'यंदा नवी बरी.'

(हे त्या वर्षाचे गणित आहे. पुढे करांचे टप्पे बदलले. 1961 च्या कायद्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली, 1 एप्रिल 2026 पासून. तेव्हा वाचकांनी आपले गणित आपल्या वर्षाप्रमाणे मांडावे.)

ते पेन्सिलीचे अक्षर पाहून मला थोडी शरम वाटली. ज्या माणसाला मी 'जुना' म्हणून एका शब्दात मोकळा झालो होतो, त्याने नवे आणि जुने शेजारी शेजारी मांडून, दोन्हींची बेरीज करून कौल दिला होता. मी नव्या-जुन्या साहित्यावर इतकी व्याख्याने दिली. पण असा ताळा कधी केलेला आठवत नाही. 'नाही' तसेच राहू दिले.

शेवटी सही. आईच्या आधारला जोडलेल्या तिच्या फोनवर सहा आकडे आले. ते पंधरा मिनिटे टिकतात, असे मी तिला बजावले. तिने चष्मा लावला, एकेक आकडा वाचला, मी एकेक भरला. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"झालं?"

"झालं. सही तुझी."

तारीख होती 28 जुलै 2024, रविवारच होता. आईने वही जवळ ओढली आणि पानाच्या तळाशी ती तारीख लिहिली. कपाटातून पट्टी आणि तांबडे पेन आणले. रेघ ओढताना तिचा हात किंचित हलला, म्हणून मी पट्टी धरली.

मग तिने पान उलटले. नव्या पानावर '2024-25' असे लिहिले आणि शेजारी, त्या वहीत पहिल्यांदाच, स्वतःचे नाव घातले.

"पुढच्या वर्षी माझं भरायचं ना?"

"हो तर. मी भरीन की."

"तू नको," आई म्हणाली. "मी भरते. तू नुसते आकडे वाच."