पाण्याने आखलेला रस्ता

अम्मानहून पेट्राला निघालेला प्रवासी साधारणपणे दोन रस्त्यांचा विचार करतो. एक वाळवंटाच्या कडेने नाकासमोर जाणारा, तीन तासांत पोचवणारा डेझर्ट हायवे. दुसरा पश्चिमेच्या डोंगरपठारावरून मादबा, दिबान, केराक, तफिला, शोबक अशी गावं घेत जाणारा किंग्ज हायवे. नाव भारदस्त असलं तरी रस्ता आपल्याकडच्या जिल्हा मार्गाच्या तोलाचा. कुठे शाळा सुटलेली असते, कुठे मेंढरं आडवी येतात आणि कुठे शेत संपतं तिथेच जमीन संपून समोर दरी उघडते. आम्ही दुसरा निवडला, तेव्हा गाडीचा चालक आरशातून आमच्याकडे बघत म्हणाला, "सगळा दिवस जाईल." जाऊ दे म्हटलं. दिवस घालवायलाच तर आलो होतो.

एवढा वळणावळणाचा रस्ता माणसांनी मुळात काढलाच का, हे कळायला आधी पाऊस बघावा लागतो. जॉर्डनच्या पश्चिमेला जमीन एकदम खचते आणि मृत समुद्रापाशी समुद्रसपाटीच्या 400 मीटरहून खाली जाते. भूमध्य समुद्राकडून आलेले ढग ही खाच ओलांडून पठाराच्या कडेला चढतात आणि तिथे रिते होतात. मादबा-केराकच्या पट्ट्यात वर्षाकाठी 300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माणदेशातही याहून जास्त पडतो, पण तेवढ्यावर इथे गहू येतो, ऑलिव्ह तग धरतात. तिथून पूर्वेला थोडं सरकलं की पाऊस 100 मिलिमीटरच्याही खाली उतरतो आणि वाळवंट सुरू होतं. म्हणजे वस्ती करायला मिळाली ती कडेची चिंचोळी पट्टी. त्यात पुन्हा गंमत अशी की, जे पाणी ही पट्टी जगवतं तेच पश्चिमेकडे धावताना तिला चिरत जातं. मुजिब आणि हसा या मोठ्या घळी त्या पाण्यानेच कोरलेल्या. घळी टाळायच्या तर पूर्वेला जावं लागतं आणि तिकडे घसा कोरडा पडतो. पाण्याजवळ राहायचं तर प्रत्येक घळ उतरायची आणि चढायची. व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी, सैन्यांनी, यात्रेकरूंनी चढ-उतार पत्करला. रस्त्याची सगळी वळणं या सौद्यातून आलेली आहेत.

बायबलमध्ये या रस्त्याचा उल्लेख येतो तोही पाण्यासकट. इजिप्तमधून निघालेल्या लोकांना घेऊन चाललेला मोशे एदोमच्या राजाकडे निरोप पाठवतो की, आम्हाला तुमच्या मुलखातून जाऊ द्या. आम्ही शेतात, मळ्यात पाऊल टाकणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही, रस्ता सोडून इकडेतिकडे होणार नाही. राजा नाही म्हणतो. लहानपणी कुणी ही गोष्ट सांगितली असती तर राजा दुष्ट वाटला असता. त्या पठारावरून जाताना त्याची बाजूही दिसू लागते. एवढा जमाव विहिरींजवळून जाणार आणि तहान लागल्यावर शब्द पाळणार, यावर कोण विश्वास ठेवील?

पहिला थांबा मादबा. गाव गजबजलेलं, दुकानांच्या पाट्या एकमेकींवर चढलेल्या. सेंट जॉर्जच्या चर्चमध्ये जमिनीवर एक नकाशा आहे, सहाव्या शतकात रंगीत दगडांच्या बारीक चौकोनी तुकड्यांनी जडवलेला. 1884 साली तो उजेडात आला आणि पुढे जुन्या चर्चच्या अवशेषांवर आजचं चर्च उभं राहिलं. मूळ नकाशात वीस लाखांहून जास्त तुकडे होते असा अंदाज आहे. आज बराच भाग गेलेला आहे. सगळे वाकून जेरुसलेम बघतात, कारण शहराचा तट, वेशी, खांबांचा रस्ता, सगळं त्यात ओळखू येतं. मी मृत समुद्रापाशी रेंगाळलो. त्यावर दोन नावा आहेत, मालाने भरलेल्या. नावाड्यांचे चेहरे मात्र नाहीत. सजीवांची चित्रं नकोत असा आग्रह धरणाऱ्या काळात कुणीतरी ते तुकडे उकरून त्या जागी दुसरे खडे बसवले. शेजारी जॉर्डन नदी समुद्राला मिळते तिथे काही मासे आहेत. त्यातला एक खारं पाणी लागताच तोंड फिरवून परत प्रवाहाच्या उलट निघालेला. कारागिराला धर्मस्थळं दाखवायची होती, पण कुठलं पाणी जगवतं आणि कुठलं मारतं हे त्याला त्याहून आधी माहीत होतं. त्याच नकाशात एका डोंगरावर तटबंदीचं शहर आहे, खारकमोबा. तेच आजचं केराक, जिथे आम्ही दुपारी जेवणार होतो.

मादबा सोडलं की गव्हाची शेतं लागतात. एप्रिल असल्याने हिरवी होती. चालकाने रस्त्याकडेच्या टपरीवर वेलदोड्याची कॉफी घेतली, आम्हालाही कागदी पेल्यातून दिली आणि दिबान आल्यावर गाडीचा वेग कमी न करता बाहेर हात दाखवला, "जुनं गाव." टेकाडावर उकरलेल्या भिंती आणि दगडांची रास, एवढंच. आम्ही थांबायला लावलं, तेव्हा त्याला नवल वाटलं.

या टेकाडावर 1868 साली एका मिशनऱ्याला काळ्या दगडाचा शिलालेख दिसला. मोआबचा राजा मेशा याने इ.स.पू. 840च्या सुमारास कोरवून घेतलेला. युरोपातल्या लोकांमध्ये तो मिळवण्याची चढाओढ लागली, तेव्हा स्थानिक बदूंनी दगड आगीत तापवला, वर गार पाणी ओतलं आणि त्याचे तुकडे केले. सुदैवाने त्याआधी कुणीतरी ओल्या कागदावर ठसा घेऊन ठेवला होता. त्यावरून जमलेले तुकडे जोडून तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे. अभ्यासकांना त्यात इस्रायलच्या राजांशी झालेल्या लढाया महत्त्वाच्या वाटतात. मला त्यातल्या दोन साध्या कामांनी थांबवलं. मेशा सांगतो की, शहरात पाण्याचं टाकं नव्हतं, म्हणून मी लोकांना आपापल्या घरात टाकं खणायला लावलं. आणि तिथून लगेचच सांगतो की, आर्नोनच्या घळीत मी रस्ता बांधला. आर्नोन म्हणजे आजचं वादी मुजिब. पाण्याची साठवण आणि रस्ता ही दोन कामं तो एका दमात मोजतो.

दिबानच्या पुढे थोड्याच अंतरावर ती घळ आली. आधी काही सुगावा लागत नाही. सपाट रान असतं आणि एका वळणावर गाडीच्या पुढ्यातलं रानच नाहीसं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत चार-एक किलोमीटर आणि मध्ये पिवळसर, राखाडी, तपकिरी थरांच्या उतरंडी. वळणं घेत गाडी उतरू लागली तसे कानांना दडे बसले. तळाशी धरण आहे आणि रस्ता त्या धरणावरूनच पलीकडे जातो. वर चढताना रोमन काळातल्या मैलाच्या दगडांचा विषय निघाला. सम्राट ट्रेजनने 106 साली पेट्रा वसवणाऱ्या नबातियनांचं राज्य खालसा केलं आणि 111 ते 114 या काळात बोस्रापासून अकाबापर्यंत रस्ता फरसबंद करवला. मैलाच्या दगडांवर त्याने कोरवून घेतलं की, सीरियाच्या सीमेपासून तांबड्या समुद्रापर्यंत आपण नवा रस्ता खुला केला. नवा! मेशाने तोच उतार खणून साडेनऊशे वर्षं झाली होती. मेशाच्या आधीही तिथून कुणी जातच नसेल असं थोडंच आहे? घळीत उतरायला सोयीच्या जागा मोजक्याच असतात. पहिली पाऊलवाट गाढवांनी पाडली असेल, राजांनी ती रुंद केली आणि दगडावर आपलं नाव घातलं.

केराक डोंगराच्या टोकावर बसलेलं गाव, आणि गावाच्या टोकावर क्रुसेडरांचा किल्ला, 1142 साली बांधायला घेतलेला. नबातियनांपासून क्रुसेडरांपर्यंत या रस्त्यावर ज्याची सत्ता, त्याची जकात. आपल्या नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात. इथल्या बुरुजांवर उभं राहिलं की जकात हे किल्ल्याचं निम्मं कारण वाटू लागतं. दमास्कसहून इजिप्तकडे आणि हेजाझकडे जाणारे तांडे इथून नजरेच्या टप्प्यात येत. किल्ल्याचा मालक रेनाल्ड तह असतानाही एका मोठ्या तांड्यावर तुटून पडला. त्याने सलाहुद्दीनशी जे युद्ध पेटलं त्यात 1187 साली हत्तिनच्या रणात क्रुसेडरांचा कणाच मोडला. तिथेही तहानेने बेजार झालेलं सैन्य हरलं. पुढच्याच वर्षी केराक पडलं.

किल्ल्यापेक्षा जास्त वेळ आम्ही बाजारातल्या एका दुकानापाशी काढला. तिथे पोत्यांतून जमीद विकायला ठेवलं होतं. मेंढीच्या दुधाचं ताक घट्ट करून, मीठ घालून, त्याचे मुठीएवढे गोळे उन्हात वाळवतात. केराकचं जमीद देशभर नावाजलेलं. दुकानदाराने कपचा काढून दिला. दाताखाली दगड, मग जिभेवर आंबट खारट चव पसरत गेली. हेच गोळे पाण्यात विरघळवून त्यात मांस शिजवतात आणि भातावर घालून मन्सफ होतो. हिरवळ चार महिने असते, दूध तेव्हाच मुबलक. ते वर्षभर पुरवायचं तर त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि लागेल तेव्हा परत घालायचं. या मुलखाची सगळी हुशारी त्या पोत्यात दिसत होती.

जेवताना मी चालकाला म्हटलं, हा रस्ता किती छान, लोक दुसऱ्याने का जातात? तो हसला. म्हणाला, "तुम्हाला वळणं आवडतात. माझ्या आईला अम्मानच्या दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा मला सरळ रस्ता लागतो." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. वळणांचं कौतुक करणाऱ्याला त्या वळणांवरून रोज जावं लागत नाही. समृद्धी महामार्गावरून जाताना मलाही गावं फक्त पाट्यांवर भेटतात, म्हणून मी कधी मुद्दाम जुन्या रस्त्याने नागपूर गाठलेलं नाही.

शोबकला पोचेस्तोवर उन्हं कलली होती. हा किल्ला केराकहून जुना, 1115चा, ओसाड टेकडीवर एकटा. आत खडकात कोरलेला जिना आहे, साडेतीनशेहून जास्त पायऱ्यांचा, डोंगराच्या पोटातून खाली पाण्यापर्यंत जाणारा. आमच्या गुडघ्यांनी तोंडाशीच नकार दिला. वेढ्याच्या दिवसांत त्या अंधारातून रोज पखाली वर आणणारे कोण होते, हे कुठे नोंदलेलं नाही. किल्ला बांधणाऱ्या बाल्डविनचं नाव मात्र प्रत्येक माहितीफलकावर आहे.

पेट्राबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकच गोष्ट सांगतो. सकाळी सिक नावाच्या अरुंद घळीतून चालत गेलो. सव्वा किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना तांबूस कडे. शेवटी फटीतून, 'खजिना' म्हणतात त्या कोरीव वास्तूचा दर्शनी भाग दिसतो आणि सगळे कॅमेरे वर होतात. पण तोवर सगळ्या वाटेवर, कंबरेच्या उंचीला, कड्यात कोरलेली पाण्याची पन्हळ आपल्यासोबत चालत असते. दुसऱ्या बाजूला मातीचे नळ बसवलेले होते, त्यांचे काही तुकडे जागेवर आहेत. वर्षाला जेमतेम 150 मिलिमीटर पावसात नबातियनांनी झऱ्यांचं पाणी शहरात आणलं आणि पुराचं पाणी बांध घालून, बोगदा खणून बाहेरून वळवलं. हा बांध मोडकळीला आल्यावर काय होतं, ते 1963च्या एप्रिलमध्ये दिसलं. अचानक आलेल्या लोंढ्यात वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक सिकमध्ये बुडाले. त्यानंतर जुन्या बांधाच्या जागी नवा बांधला.

या शहराशी आपलाही संबंध आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी टिपणात तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून पेट्राकडे जाणारा रस्ता नोंदलेला आहे. तिथल्या नाक्यावर आलेल्या मालाचा चौथा हिस्सा जकात म्हणून घेत, हेही त्यात आहे. त्याच टिपणात पुढे पैठण, तेर आणि कल्याण येतात. तेरहून बैलगाड्यांनी निघालेलं कापड आणि इथल्या उंटांवरचा ऊद, एकाच माणसाच्या हिशेबात बसले होते.

परत जाताना वेळ नव्हता, म्हणून डेझर्ट हायवे धरला. रस्ता सरळ, बाहेर बघण्यासारखं फार नाही. मध्येच चालकाने सांगितलं की, अम्मानचं पाणी याच बाजूने येतं. दक्षिणेकडच्या दिसी इथे वाळूखडकात साठलेलं भूजल 2013पासून सुमारे 325 किलोमीटर लांब नळाने राजधानीला जातं. त्या नळाचा बराच भाग या सरळ रस्त्याच्या सोबतीने टाकलेला आहे. तरीही अम्मानमध्ये बहुतेक घरांना आठवड्यातून एखाद-दोनदाच पाणी येतं आणि प्रत्येक गच्चीवर टाक्या असतात. लातूर-मनमाडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

घळी टाळणारा रस्ता पाण्यालाही टाळतो असं मी आदल्या दिवशी समजत होतो. तसं नाही, त्यानेही आपलं पाणी शोधलं आहे. फरक एवढाच की दिसीचं पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या हवामानात मुरलेलं आहे आणि आजच्या पावसाने त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही. मेशाने घराघरांत खणायला लावलेली टाकी दर हिवाळ्यात भरत, आणि भरली नाहीत तर त्याच वर्षी कळत असे. जमिनीखालच्या या टाक्याचा तळ लागतोय हे इतक्या लवकर कळत नाही. तोवर सरळ रस्ता सोयीचाच वाटत राहणार, चालकाला आणि मलाही.