तांबड्या पेन्सिलीची रेघ

मास्तरकीत माझी वीस वर्षे गेली; कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन त्याहून जुने. तेव्हा कोऱ्या पानाची धास्ती मला नवी नाही. पण एका कोऱ्या पानाने मला अपराधी करून सोडले, आणि ते पान कागदाचे नव्हते.

२०१२ सालची गोष्ट. आमच्या शाळेचे हस्तलिखित गावाबाहेरच्या माणसांनाही संगणकावर वाचता यावे, असे माझ्या मनाने घेतले. माझा एक जुना विद्यार्थी संगणकाचे शिक्षण संपवून घरी आला होता. तो मायक्रोसॉफ्टच्या पंथातला. त्याने मला व्हिज्युअल स्टुडिओ उघडून दाखवला. लिहिताना चूक झाली की त्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटे; चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून त्याच्या पोटात काय चालले आहे तेही पाहता येई. मला ते रुचले नाही. वर्गात गाईड आणू न देणारा मी मास्तर! शिवाय त्या रीतीने केलेले काम चालवायला विंडोजचा सर्व्हर हवा, आणि त्याच्या परवान्याचे पैसे शाळेपाशी नव्हते. मी कुठेसे वाचलेले त्याला ऐकवले, "अरे, अपाचे फुकट, पीएचपी फुकट. शिवाय उघडून आतले सारे वाचता येते. ते का नको?"

तो हसून म्हणाला, "गुरुजी, सर्व्हर फुकट आहे, माझ्या रात्री फुकट नाहीत."

पण मास्तरांचा शब्द त्याला मोडवेना. शाळेच्या जुन्या यंत्रावर लिनक्स चढले. अपाचेची सारी व्यवस्था साध्या मजकुराच्या फाइलीत हाताने लिहायची. हत्यारे नव्हतीच असे नाही. एक्लिप्स होते, नेटबीन्स होते, एक्सडीबग होते. पण प्रत्येक निराळ्या घरचे, आणि त्यांची सोयरीक ज्याची त्याने जुळवायची. तिसऱ्या रात्री पडद्यावर आले ते नुसते पांढरे पान. चुका पडद्यावर दाखवू नकोस असे पीएचपीला सांगून ठेवलेले असले, की ती अशी मुकी होते. चूक लॉगच्या फाइलीत नोंदलेली होती, पण ती फाइल कुठे असते हे सांगायला शेजारी कोणी नव्हते. पहाटे उलगडा झाला. एका ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला होता! त्याच सकाळी तो तांबारलेल्या डोळ्यांनी मुलाखतीला गेला. ती नोकरी त्याला मिळाली नाही.

मागाहून मी या भानगडीचे मूळ वाचून काढले. इलिनॉय विद्यापीठातल्या एका सर्व्हरचा कर्ता तेथून निघून गेला, तेव्हा तो वापरणाऱ्या काही जणांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या. त्यातून १९९५ साली अपाचे जन्मला. जाणत्यांनी स्वतःच्या गरजेपोटी बांधलेले घर ते. नवख्याला बसायला ओटा हवा, हे कोणाला सुचणार? मायक्रोसॉफ्टला मात्र सर्व्हर आणि हत्यारे एकाच दुकानातून द्यायची होती. चांगले हत्यार हा त्या दुकानाचा जिना होता. चढायला सोपा, उतरायला महाग.

पुढे २०१५ साली मायक्रोसॉफ्टनेच लिनक्सवरही चालणारा व्हिज्युअल स्टुडिओ कोड फुकट दिला, आणि २०१६ साली डॉटनेट कोअर खुल्या परवान्याने लिनक्सवर आले. भिंत पुष्कळच खाली आली. त्या पोराची मुलाखत काही परत आली नाही.

दिवाळीला तो फराळाला येतो. म्हणतो, "गुरुजी, लॉग वाचायला मी त्या रात्री शिकलो." माझ्या समाधानासाठी म्हणतो, हे मला कळते.

तोवर मी वहीच्या माथ्यावर नुसते 'चूक' लिहून मोकळा होत असे. कुठली ते मुलाने शोधावे, अशी माझी शिस्त! आता नेमक्या शब्दाखाली तांबडी पेन्सिल ओढतो. वह्यांचा ढीग संपेपर्यंत रात्र होते. पण ती रात्र माझी असते.