पाय किती, पंख किती

भाच्याच्या वहीत ड्रॅगनांचा तक्ता आहे. रकाने त्यानेच आखलेत: आग ओकतो का, विषारी आहे का, माणूस खातो का. देशाचा रकाना नाही.

◆

'हॅरी पॉटर'वाल्या रोलिंगबाईंची तऱ्हा वेगळी. 2001 च्या 'फँटॅस्टिक बीस्ट्स' या छोट्या पुस्तकात ड्रॅगनांच्या दहा जाती दिल्या आहेत आणि बहुतेकींच्या नावात मुलूख: नॉर्वेजियन रिजबॅक, स्वीडिश शॉर्ट-स्नाउट, हॅरीच्या वाट्याला आलेला हंगेरियन हॉर्नटेल. भारतातला एकही नाही. गावाचे नाव लावायची रीत आम्हाला परकी नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पण मोसंबीचे गाव कळले की चवीचा अंदाज येतो. हॉर्नटेलचा देश कळून समोर उभ्या पोराला काय मिळणार?

◆

रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला गेलेला माणूस सापाच्या खवल्यांच्या ओळी मोजत बसत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं एका बाजूला. धामण आणि बाकी सगळे दुसऱ्या. भाच्याचे रकाने याच घराण्यातले. मला तेच जास्त प्रामाणिक वाटतात.

◆

वाद कायमचा: चार पाय आणि दोन पंख असतील तर ड्रॅगन, दोनच पाय असतील तर वायव्हर्न. हा भेद मुळात ब्रिटिश घराण्यांच्या ढालींवरच्या चित्रांचा. त्या हिशेबाने चौथ्या हॅरी पॉटर सिनेमातला हॉर्नटेल वायव्हर्न ठरतो. शरीरशास्त्रही सिनेमाच्याच बाजूने आहे. पक्षी, वटवाघूळ, टेरोसॉर या तिघांनीही पंखांसाठी पुढचे पाय खर्ची घातले.

पळवाट एकच सापडली. गोव्याच्या जंगलात उडता सरडा असतो. त्याच्या बरगड्या लांबून बाहेर आलेल्या, त्यांवर कातडे ताणलेले, आणि चारही पाय शाबूत. उडतो म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत जातो. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ड्राको, म्हणजे ड्रॅगनच.

◆

लिनियसच्या 1735 च्या 'सिस्टिमा नॅचुरी'त 'पॅराडॉक्सा' असा एक कप्पा होता. ड्रॅगन, फिनिक्स, हायड्रा सगळे त्यात. ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांनाही आधी नीट जागा द्यायची, मग निकाल लावायचा. त्याच वर्षी हॅम्बुर्गला विकायला काढलेला सात तोंडांचा हायड्रा त्याने पाहिला आणि लबाडी ओळखली: जबडे नि पंजे विझलचे, वरून सापाचे कातडे चिकटवलेले. पुढच्या आवृत्त्यांतून तो कप्पाही गेला.

◆

ड्रॅगनचा आपल्याकडचा खरा जुळा म्हणजे देवळांच्या भिंतींवरचा व्याल. धड सिंहासारखे, तोंड सिंहाचे, हत्तीचे, घोड्याचे, पोपटाचे, माणसाचेसुद्धा. 'अपराजितपृच्छा' हा शिल्पग्रंथ सोळा प्रकार आणि प्रत्येकाचे सोळा पवित्रे सांगतो. झाले 256. यातले कुणी पाहिलेले नाही, पाहायची गरजही नाही. गुणाकार केला की प्राणी तयार.

विष्णूची चोवीस रूपेही अशीच: शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत, क्रम बदलला की नाव बदलले. भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याच्या मध्ययुगीन देवळावर विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत. तिथे पोरांना न्यावे आणि चेहरे सोडून हात बघायला सांगावे. ड्रॅगनांच्या तक्त्यात मुरलेले पोर पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याच्या आधी हा खेळ ओळखेल, अशी माझी पैज.

◆

टुई सदरलँडची 'विंग्ज ऑफ फायर' ही मालिका 2012 पासूनची. आधी सात जमाती: चिखलातले, वाळूतले, आभाळातले, समुद्रातले, बर्फातले, पावसातले, रात्रीचे. पुढे दुसऱ्या खंडातल्या तीन. रंग, हत्यार, राणी, सगळे चोख वाटलेले. मग सनी येते. आई वाळूतली, बाप रात्रीचा, शेपटीला नांगी नाही. सांभाळणारे तिला बिघडलेली वाळूतलीच समजतात. लेखिकेने दहा कप्पे घातले ते मोडता यावेत म्हणूनच, असे मला वाटते.

जालन्यात सनीचे कोडे फार टिकत नाही. 1964 साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हापासून संकर हा या गावाचा धंदा आहे. आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा, म्हणजे पिशवीचा भाव जास्त.