बॉनेटवर विनाइल चढवताना

विनाइल रॅप म्हणजे गाडीच्या मूळ रंगावर बसवायची पीव्हीसीची पातळ फिल्म, पाठीला गोंद असलेली. तिने पत्र्याचा रंग बदलतो, मूळ रंग खाली तसाच राहतो आणि पुढे नकोशी झाली तर ती काढता येते. अख्खी गाडी घरी रॅप करणे नवख्याने मनात आणू नये. बंपरची खोल वळणे आणि आरशांची कव्हरे सरावलेल्या हातालाही दमवतात. एखादा सुटा भाग मात्र घरी नीट होतो. त्यासाठी बॉनेट सर्वांत सोयीचे, कारण ते बरेचसे सपाट असते, उघडता येते आणि चारही कडांना हात पोहोचतो. शिवाय सोयगावसारख्या गावात ऊन आधी बॉनेटचा आणि टपाचाच रंग खाते, म्हणजे गरजही तिथेच पडते.

तालुक्याच्या गावात गाडीला काही चिकटवायचे म्हटले की माणूस रेडियमवाल्याकडे जातो. नंबरप्लेटवरची अक्षरे, काचेवरचे देवाचे नाव, ट्रॅक्टरच्या पत्र्यावरची मुलांची नावे तिथे कापून मिळतात. त्या कारागिरांचा हात सफाईदार असतो यात शंका नाही. पण स्टिकरसाठी तिथे असलेला रोल बहुधा कॅलेंडर्ड विनाइलचा असतो आणि रॅपला लागते कास्ट विनाइल. कॅलेंडर्ड फिल्म बनवताना गरम पीव्हीसी रुळांमध्ये दाबून, ओढून पातळ करतात. तो ताण फिल्ममध्ये दबून राहतो आणि ऊन लागले की ती आखडू पाहते. कास्ट फिल्मचे पातळ द्रावण एका गुळगुळीत कागदावर ओतून भट्टीत सुकवतात. तिला कोणी ओढलेलेच नसते, म्हणून ती वळणावर बसते आणि बसलेली राहते. कास्ट फिल्मची जाडी साधारण ५० मायक्रॉन, गोंदासकट ८० ते १०० च्या आसपास. कॅलेंडर्ड त्याहून जाड असते, हाताला दमदार लागते, आणि गिऱ्हाईक नेमके तिथे फसते. जाडीवरून विनाइलची पारख करू नये. रोलवर ‘कास्ट’ लिहिलेले आहे का, कंपनीचे माहितीपत्रक मिळते का, हे विचारावे. नाही मिळाले तर जळगाव किंवा संभाजीनगरहून रोल मागवण्याइतका धीर धरावा.

रॅपच्या रोलची रुंदी बहुधा १.५२ मीटर असते, त्यामुळे बहुतेक बॉनेट एका तुकड्यात निघते. तुकडा कापताना चारही बाजूंना दहा सेंटिमीटर तरी जास्त ठेवावेत. विनाइल वाचवायच्या नादात कडेला दोन बोटे कमी पडली, तर सगळा तुकडा वाया जातो.

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, खानदेशाच्या बाजूला उतरलेले आहे. जमीन काळी, पीक कपाशीचे, उन्हाळा चाळिशीच्या पुढचा. विनाइलला बसताना हवा साधारण २० ते २५ अंशांची लागते. त्याखाली ती कडक होऊन वळायला नकार देते, त्यावर लिबलिबीत होते आणि गोंद पत्र्याला टेकताक्षणी धरतो, उचलून पुन्हा बसवायची सोय राहत नाही. एप्रिल-मेमध्ये हे काम इथे करूच नये. पावसाळ्यात दमट हवा कडांना छळते. राहतात हिवाळ्याचे महिने, तेही दिवसा, कारण पहाटे पत्रा गार पडलेला असतो.

पण हिवाळा म्हणजे कापसाचा हंगाम. भाव वाढेल या आशेने वेचलेला कापूस घराघरांत भरून ठेवलेला असतो, कधी पुढच्या खोलीत, कधी गाडी लावायच्या पडवीत. विनाइलच्या मागचा कागद सोलला की फिल्मवर स्थिर वीज तयार होते आणि हवेतला प्रत्येक तंतू ती ओढून घेते. गोंदात अडकलेला कापसाचा एक धागा चकचकीत काळ्या फिल्मखाली केसाएवढी उंच रेघ उमटवतो, आणि ती रेघ कितीही हीट मारली तरी जात नाही. म्हणून कापूस ठेवलेल्या जागेत हे काम नको. शटर लागणारी बंद खोली मिळाली तर उत्तम. आदल्या दिवशी ती झाडून घ्यावी, काम सुरू करण्याआधी जमिनीवर पाण्याचा हलका सडा टाकावा आणि पंखा बंद ठेवावा. लोकरी स्वेटर किंवा शाल अंगावर नको.

विजेची वेळही पाहून ठेवावी. फिल्म तापवायची हीट गन दीड ते दोन हजार वॅट खाते, घरचा इन्व्हर्टर ती ओढत नाही. अर्ध्या बॉनेटवर फिल्म ताणलेली असताना वीज गेली, तर त्या ताणाच्या रेषा तशाच राहून जातात.

या कामातला मोठा वाटा पत्र्याच्या तयारीचा आहे, आणि घाई होते ती इथेच. विनाइल काहीही झाकत नाही. नख अडकेल एवढा ओरखडा वर उमटतो. पोचा तर आधीपेक्षा ठळक दिसतो, कारण नव्या फिल्मवर प्रकाश वेगळा पडतो. उन्हाने रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, पापुद्रे धरून सुटत असेल, तर तिथे फिल्म लावणे म्हणजे सुटणाऱ्या थरावर आणखी एक थर चढवणे. याची परीक्षा सोपी आहे. मास्किंग टेपची पट्टी घट्ट दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. टेपला रंगाचे कण आले, तर आधी रंगकाम. गॅरेजात नव्याने रंगवलेल्या बॉनेटलाही महिनाभर तसेच सोडावे. ओल्या रंगातले सॉल्व्हंट बाहेर पडत राहते आणि वर फिल्म असली की तिथे फुगे धरते.

धुण्यासाठी साधा कार शॅम्पू पुरतो. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढावेत, रुतलेली धूळ क्ले बारने. पुष्कळ जण शेवटचा हात पेट्रोलच्या फडक्याने मारतात. त्याने मळ निघाल्यासारखा वाटतो, पण तेलाचा पातळ थर मागे राहतो आणि गोंद त्याला धरत नाही. शेवटचे पुसणे आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, मायक्रोफायबर कापडानेच करावे. जुन्या बनियनचे फडके कितीही मऊ असले तरी धागे सोडते.

बॉनेट उघडून खालची दुमडलेली कड पाहावी. वरचा पत्रा आरशासारखा झालेला असतो आणि या ओठाच्या आतल्या अंगाला काळ्या मातीची, ग्रीसची, जुन्या पॉलिशची पुटे जमलेली असतात. फिल्मची शेवटची पकड याच बोटभर जागेवर असते. ती जागा अल्कोहोलने, कापड काळे निघायचे थांबेपर्यंत पुसावी. कोपऱ्यात कापडाला टोक काढून, प्लॅस्टिकच्या पट्टीवर गुंडाळून फिरवावे. रॅप सुटायला सुरुवात होते ती बहुधा कडेपासून, आणि कारण शोधू गेले तर बरेचदा या ओठात सापडते. लोगो आणि पाण्याचे नोझल काढून ठेवावेत. त्यांच्याभोवती कापत बसण्यापेक्षा ते सोपे आहे.

रेडियमच्या कामात साबणाचे पाणी मारून स्टिकर बसवण्याची रीत आहे, आणि पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्मही पाण्यावरच बसते. रॅपचे विनाइल मात्र कोरडे बसवायचे. त्याच्या गोंदात हवा बाहेर जावी म्हणून बारीक नाल्या कोरलेल्या असतात. त्यांत पाणी शिरले की हवा अडकते आणि गोंदाची पकडही उशिरा येते.

फिल्म पसरायला दोन माणसे हवीत. वाळत घालायची चादर दोघे ताणून धरतात तशी ती बॉनेटवर धरायची, मागचा कागद काढून चारही कोपरे सारख्या ताणाने खाली आणायचे. मधला भाग काचेसारखा सपाट दिसेपर्यंत स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबायची पट्टी, हातात घेऊ नये. मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने, प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा चढवत दाबत जायचे. स्क्वीजीला फेल्टची कड असावी, नाहीतर फिल्मवर बारीक ओरखडे येतात. सुरकुती आली की ती दाबून पुढे ढकलण्याचा मोह होतो. तसे करू नये. तेवढा भाग उचलावा, हलकी हीट द्यावी. विनाइल आपले मूळ माप विसरत नाही, गरम होताच सुरकुती आपोआप निवळते आणि मग तो भाग पुन्हा बसवता येतो.

कोपऱ्यावर नेमके उलटे भान लागते. तिथे फिल्म ताणावीच लागते, पण जितकी ताणाल तितकी ती नंतर आखडून मागे येणार. गरम करून, बेताने ओढून, जरा निवू देऊन मग चिकटवावी. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त ताण घरच्या कामात नको; फिल्म फिकी दिसू लागली की मर्यादा ओलांडली असे समजावे. अशा वेळी कडेची जास्तीची फिल्म तिरकी चिरून ताण मोकळा करता येतो.

ब्लेड प्रत्येक काही कापांनंतर तोडून नवे टोक काढावे आणि रंगाला लागू देऊ नये. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात, वरचा क्लिअर कोट जेमतेम ४०-५०. हात किंचित जड पडला की चीर पत्र्यापर्यंत जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात फिल्मखाली गंज धरतो. बॉनेट उघडून, आतल्या अंगाने, पाच मिलिमीटर दुमड ठेवून कापले तर हा धोका बराच टळतो. पत्र्याच्या मधोमध रेघ हवी असेल, तर दोरा असलेली नाइफलेस टेप आधी बसवावी आणि दोरा ओढून फिल्म कापावी.

सर्व बसल्यावर कडा आणि ताणलेले भाग पुन्हा तापवायचे. याला पोस्ट हीटिंग म्हणतात, आणि हे टाळण्याइतका महागडा आळस या कामात दुसरा नाही. कंपन्यांनी दिलेले तापमान वेगवेगळे असते, बहुधा ९० ते ११० अंशांच्या आसपास. हाताच्या अंदाजाने ते कळत नाही, इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. एवढी उष्णता मिळाली की विनाइल नवा आकारच आपला मानते. ती न मिळालेली फिल्म फेब्रुवारीत झकास दिसते आणि मेमध्ये, गडद बॉनेटचा पत्रा उन्हात साठ-सत्तर अंशांवर गेला की, जुन्या मापाकडे परत निघते. मग दोष विनाइलच्या माथी येतो.

पुढचा आठवडाभर गाडी धुऊ नये, गोंदाला तेवढा वेळ हवा. नंतरही प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर जवळून मारू नये. पक्ष्यांची विष्ठा आणि सांडलेले पेट्रोल लगेच पुसावे. मॅट फिल्मला पॉलिश लावू नये, ती डागाळते.

कागदपत्रांचेही थोडे आहे. नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग लिहिलेला असतो. अख्ख्या गाडीचा रंग बदलला तर एमएच-२० पासिंगच्या गाडीला संभाजीनगरच्या आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते. केवळ बॉनेटपुरता वेगळा रंग असला तरी आधी विचारून घेणे शहाणपणाचे. ऑलिव्ह ग्रीन रंग मात्र घेऊच नये: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाने तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे.

शेवटी फिल्म काढणे. पृष्ठभागावर चढवलेला थर पुढे कसा निघेल, याचा विचार चढवतानाच करायला हवा. याचे मोठे उदाहरण याच तालुक्यात आहे. अजिंठा लेणी सोयगाव तालुक्यात येतात. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना तिथली चित्रे जपण्यासाठी बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते काम मोलाचे ठरले. पण चित्रांवर त्यांनी लावलेले शेलॅकचे वॉर्निश काळाने पिवळे पडले, धूळ धरू लागले आणि ते उतरवण्याचे नाजूक काम पुढच्या पिढ्यांवर आले.

बॉनेटवरच्या फिल्मची मुदत उभ्या दारावरच्या फिल्मपेक्षा बरीच कमी असते, कारण ऊन तिच्यावर सरळ पडते. रंग विटला, कडा ठिसूळ झाल्या की आणखी एक उन्हाळा काढू नये. वेळेत काढलेली कास्ट फिल्म कोमट हीट देत, पत्र्याशी कमी कोन ठेवून सावकाश ओढली की सलग निघते. उशीर झाला की तिचे नखाएवढे तुकडे पडतात आणि गोंद मागे राहतो. तो गोंद ब्लेडने खरवडू नये. रिमूव्हर लावून थांबावे, प्लॅस्टिकच्या पट्टीने ढकलावा, मग अल्कोहोलने पुसावे. खालचा रंग बाकी गाडीपेक्षा थोडा गडद निघाला तर तो फिल्मचा डाग समजू नये. इतकी वर्षे त्याला ऊन लागलेले नसते, बाकीच्या गाडीला लागलेले असते.