ताईचा हिशेब

पेशंटसमोर पैशाचं बोलायचं नाही, असं घरातल्या सगळ्यांनी बजावलं होतं. ताईला स्तनाचा कॅन्सर निघाल्यावर मोठी माणसं बाहेरच्या खोलीत दार लोटून बोलायची. आत पडलेल्या ताईला सूर ऐकू यायचा, आकडा कळायचा नाही; मग ती मनानेच भलामोठा आकडा धरून बसायची. शेवटी तिने मला आत बोलावलं. म्हणाली, "वही इकडे दे. माझ्या दुखण्याचा हिशेब मीच ठेवते."

तिचंच बरोबर होतं, असं मला मनापासून वाटतं.

केशरी रेशन कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन आणि केमो बसली, हा फार मोठा आधार. पण मॅमोग्राफी, बायोप्सी, गाठीचा प्रकार सांगणारी आयएचसी, या सगळ्या तपासण्या मंजुरीच्या आधीच्या, खिशातून झालेल्या. शिवाय कुठल्याच बिलात न येणारा खर्च वहीत साचत गेला. कराडहून रात्रीची एसटी, परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत टॅक्सी, नारळपाणी, पेशी कमी झाल्या म्हणून लांबलेली केमो आणि त्यापायी वाढलेला मुक्काम, भाऊजींच्या खाड्यांचा कापलेला पगार. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं. अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेऊन लोकांसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या त्या माणसाचं ऋण टाटाला येणाऱ्या किती घरांवर असेल!

ताई ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं आणि तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. सुईत दोरा ओवायला बसली की डोळ्यांना दोरा दिसे, पण तो चिमटीत आहे की निसटला, हे बोटांना कळत नसे. जिभेवर ओला करून ती टोक पुन्हा पुन्हा वळायची. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकांची कापडं परत गेली. वहीत तिने लिहिलं, 'शिवण बंद', आणि पुढे बुडालेल्या कमाईचा अंदाज मांडला. घरात तिची कमाई अशी लिहून ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

तिची गाठ हर-टू पॉझिटिव्ह होती, त्यामुळे ट्रास्टुझुमॅब वर्षभर, दर तीन आठवड्यांनी. मधूनमधून हृदयाची टूडी एको. २०१४ साली या औषधाची भारतीय आवृत्ती बाजारात आली, म्हणून आमच्यासारख्यांना त्याचा विचार तरी करता आला. पण तोवर केस परत आलेले, लोकांच्या दृष्टीने आजार संपलेला, मदतीचे फोनही थांबलेले. मी पाटल्या गहाण ठेवल्या. ताईने त्यांचं वजनही वहीत टिपलं.

एका रात्री तिने विचारलं, "मी राहिले नाही तर हे कोण फेडणार?"

अशा वेळी माणसं 'असं अभद्र बोलू नकोस' म्हणतात. मी वही उघडली. भाऊजींचा हप्ता किती, माझ्या पगारातून किती, पाटल्या कधी सुटतील, मुलीच्या कॉलेजच्या फीला हात का लागणार नाही, हे ओळीने सांगितलं. तिने दोन ठिकाणी माझी बेरीज दुरुस्त केली. मग कूस वळवून झोपली. तिचं भय मरणाचं होतंच, पण आपल्यामागे मुलीच्या वाट्याला काय येईल, याचं जास्त होतं. त्यावर माझ्याकडे आकड्यांइतकं खरं दुसरं काहीच नव्हतं.

आता शिवण हळूहळू सुरू झालंय. दर महिन्याला ती थोडे पैसे माझ्या हातात ठेवते आणि वहीत लिहायला लावते. परवा मामी म्हणाली, "सख्ख्या बहिणीकडून कसले गं पैसे घेतेस?"

घेते. तिला ते फेडायचे आहेत, आणि पाटल्या तिलाच सोडवून आणायच्या आहेत.