दीड मिनिटाचं बजेट

"सॉफ्टवेअर बनवायला साधारण किती खर्च येतो रे?" लग्नात, बारशात कुणीतरी काका हा प्रश्न हमखास विचारतात. आपण मनातल्या मनात हसतो. कसलं सॉफ्टवेअर, कोण वापरणार, कधी हवंय, काहीच माहीत नसताना आकडा सांगायचा कसा? पण वेळ आली की आपणही काकाच होतो. २०२४ च्या हिवाळ्यात मी तीन अ‍ॅनिमेशनवाल्यांना फोन करून हाच प्रश्न विचारत होतो :-)

विषय होता दरडीचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वर जायला रस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रं नेणं शक्यच नव्हतं. कर्जत-खालापूरच्या ट्रेकर्ससाठी ही नुसती बातमी नव्हती. इर्शाळगडाला जाताना वाट त्या वाडीतूनच जायची. तिथल्या ओट्यांवर बसून आम्ही किती वेळा चहा प्यायलोय. सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे नंतर कळलं.

यादीत नाव नसेल तर धोका ओळखणार कोण? तिथे राहणाराच. उताराला नवी भेग पडते, झाडं किंवा खांब कलतात, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा आटतं, कालपर्यंत नीट लागणारं दार चौकटीत अडकायला लागतं. ही लक्षणं सांगणारा एक छोटा व्हिडिओ डोंगरउतारांवरच्या वाड्यांमध्ये दाखवायचा, असं आमच्या ग्रुपनं ठरवलं. कोसळणारा डोंगर शूट करता येत नाही, आणि ज्यांनी तो पाहिलाय त्यांना खरी दृश्यं पुन्हा दाखवू नयेत. म्हणून अ‍ॅनिमेशन. वर्गणी जमली १ लाख २० हजार.

एकाच पानाची रिक्वायरमेंट तिघांना पाठवली. कोटेशन्स आली ४० हजार, ९५ हजार आणि २ लाख ८० हजार! आधी वाटलं कुणीतरी लुटतंय. नीट वाचल्यावर कळलं की तिघं तीन वेगळ्या वस्तू विकतायत. पहिला तयार टेम्प्लेट वापरणार होता. त्यातल्या घरांना धुराडी होती आणि बायकांच्या अंगात कोट. दुसरी हातानं चित्रं काढून त्यांचे तुकडे हलवणार होती. तिसऱ्याकडे थ्रीडी होतं, डोंगर अगदी सिनेमासारखा.

या दरांमागचं गणित साधं आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर तीन मिनिटांना ४,३२० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी २,१६० चित्रं. प्रत्येक चित्र नव्यानं काढायचं की हात, डोकं, धड एकदाच काढून हलवायचं, यावर खर्च ठरतो. हे काम पहिल्यापासूनच वेळखाऊ. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोपाची एकेक फ्रेम टिपली. हाती आली एक छोटीशी फिल्म. पण 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला तेवढी पुरली. त्यांनी आधी अख्ख्या सिनेमाचं एस्टिमेट मांडलं नाही. जेवढ्यात समोरच्याला पटेल तेवढंच केलं. आजच्या भाषेत प्रूफ ऑफ कॉन्सेप्ट.

आम्ही दुसरीला फोन केला आणि आकडा सरळ सांगून टाकला. "ताई, चित्रांसाठी ६० हजार आहेत, जीएसटी धरून. यात काय बसेल?" आमच्यातल्या दोघांना हे पसंत नव्हतं. आपला आकडा आधी सांगितला की समोरचा तेवढाच उकळतो, असं त्यांचं म्हणणं. भाजीबाजारात ते बरोबर आहे. पण जी वस्तू अजून तयारच नाही तिचा भाव पाडून काय मिळणार? आकडा लपवला की समोरचा अंदाजानं काहीतरी मोठं मांडतो, मग आपण घासाघीस करतो, आणि तो गुपचूप दर्जा कापतो. काय कापायचं हे आपल्याला कळतही नाही. ताईंनी आमच्यासमोरच कापलं. तीन मिनिटांचं दीड मिनिट, सात पात्रांची दोन, चार पार्श्वभूमी. पाऊस मात्र ठेवला.

बाकीचे ६० हजार कुठे गेले? स्क्रिप्ट, स्टोरीबोर्ड आणि वाड्यांमधल्या फेऱ्यांना २०. आवाजाला १२. बदलांसाठी राखीव १३. आणि प्रोजेक्टर, स्पीकर, पडदा, गाडीभाडं धरून दाखवण्यासाठी १५. म्हणजे निम्मा पैसा चित्रांबाहेर. हे पाहून एकजण वैतागला, "अरे, मग अ‍ॅनिमेशन कशाला म्हणतोस!"

पण त्या फेऱ्यांनीच व्हिडिओ वाचवला. चित्रं काढायला घेण्याआधी पेन्सिलीनं काढलेले कागद घेऊन आम्ही एका ठाकरवाडीत गेलो, ओट्यावर मांडले आणि स्क्रिप्ट वाचून दाखवली. भेग, गढूळ पाणी, कललेलं झाड. सगळे माना डोलवत होते. एक मावशी म्हणाल्या, "ह्ये समदं आमाला ठावं हाय. रातच्याला पळायचं कुठं, त्ये सांगा."

पुढे कुणीच बोलेना.

धोका कसा ओळखायचा हे सांगणारी माहिती भरपूर सापडते. ओढ्यापासून आणि दरडीच्या वाटेपासून बाजूला जा, हेही असतं. पण रात्री अकराला, पावसात, म्हातारी आणि लेकरं घेऊन नक्की कुठल्या जागी? याचं उत्तर प्रत्येक वाडीचं वेगळं. ते आम्ही द्यायचंही नव्हतं. ग्रामपंचायत आणि वाडीतल्या माणसांनी मिळून ठरवायचं होतं. म्हणून शेवटचे १५ सेकंद कॉन्फिग फाइलसारखे वेगळे काढले. एक स्थिर चित्र आणि त्यावर त्याच वाडीतल्या माणसाचा आवाज. सहा वाड्या, सहा शेवट. कागदावर हा बदल करायला खर्च आला गाडीभाड्याचा आणि चहाचा. चित्रं हलायला लागल्यावर तोच बदल राखीव १३ हजारांत मावला नसता. आपल्याकडे रिलीजनंतर सापडलेला बग महाग पडतो, त्यातलाच हा प्रकार.

तुम्ही कधी कुणाकडून व्हिडिओ करून घेणार असाल, कंपनीसाठी किंवा शाळेसाठी, तर कुठे कुणाला दाखवायचा ते आधी लिहा. मग आकडा ठरवा आणि तो सांगून टाका. स्क्रिप्ट पक्की झाल्याशिवाय एकही चित्र काढू देऊ नका. किती वेळा बदल फुकट, त्यानंतर कितीला, हे लेखी घ्या. मूळ फाइल्स आणि हक्क कुणाचे, तेही. जीएसटी धरलाय का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

एक प्रश्न मात्र आमच्यात अजून मिटलेला नाही. ग्रुपमधला एक मित्र आजही म्हणतो की एवढ्या पैशांत प्रत्येक वाडीत साधं पर्जन्यमापक बसवून, रोज पाऊस मोजायला दोघा-दोघांना शिकवता आलं असतं. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. मी एवढंच सांगू शकतो की २०२५ च्या मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, सहाही वाड्यांमध्ये व्हिडिओ दाखवून झाला होता. तो संपल्यावर पाच ठिकाणी लोक पांगले. सहाव्या वाडीत मात्र दोन म्हातारे पडद्यासमोरच भांडायला लागले, ठरलेली जागा ओढ्याच्या फार जवळ आहे म्हणून. तासभर भांडण चाललं. शेवटी जागा बदलली आणि आवाज पुन्हा रेकॉर्ड झाला. राखीव १३ हजारांतले १,५०० त्यात गेले.